मदत हवी आहे : स्कीमच्या वर्ग-लायब्ररीत प्रकार-तपासणी वाचायला सोपी कशी लिहावी?

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत हिशेबासाठी स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत लहान वर्ग-लायब्ररी (क्लास घोषित करायची सोय) करतोय. वाचणारी मुलं नवीन आहेत, म्हणून नावं मराठीत. फील्डचा प्रकार (संख्या, अक्षरे वगैरे) घोषणेतच दिसावा, एवढंच हवंय.

पहिला प्रयत्न :
(वर्ग पट्टी (वजन संख्या?) (शेतकरी अक्षरे?))
दिसतं छान, पण (वजन शून्य) अशी डीफॉल्ट किंमतही याच साच्यात बसते. शून्य ही किंमत की प्रेडिकेट (संख्या? सारखं हो-नाही सांगणारं फंक्शन), हे घोषणेचा कोड बनवणाऱ्या मॅक्रोला कळत नाही.

दुसरा : (वजन : संख्या?)
इथे ':' सिंटॅक्स-रूल्सचा (स्कीममध्ये साचे देऊन मॅक्रो लिहायची पद्धत) लिटरल, म्हणजे साच्यात जसाच्या तसा जुळायला हवा असा शब्द, आहे. मुलं सवयीने 'वजन:' जोडून लिहितात, मग रीडर (कोड वाचणारा भाग) ते एकच सिंबॉल (नाव) धरतो आणि सिंटॅक्स-रूल्सला सिंबॉल तोडता येत नाही. शिवाय वापरणाऱ्याच्या मॉड्यूलमध्ये ':' ला दुसरं बाइंडिंग (त्या नावाला दिलेला अर्थ) असेल तर लिटरल जुळतच नाही. एरर येते तीही मॅक्रोची, फील्डचं नाव नसलेली.

तिसरा, शेवटी वेगळा (तपासा ...) भाग. चालतो निर्धोक, पण फील्ड एकीकडे आणि प्रकार दुसरीकडे. दहा फील्डांच्या वर्गात नजर सारखी वर-खाली.

अटी : आर७आरएस-स्मॉल (स्कीमचं मानक), फक्त सिंटॅक्स-रूल्स, चिबी आणि गाईल या स्कीमच्या दोन्ही अंमलबजावण्यांवर चालायला हवं, त्यामुळे सिंटॅक्स-केस (मॅक्रोची दुसरी, जास्त ताकदीची पद्धत) नको. तपासणी ऑब्जेक्ट बनवताना आणि फील्डची किंमत बदलताना, दोन्ही वेळी व्हावी. प्रकाराच्या जागी (किंवा संख्या? रिकामे?) असं प्रेडिकेट परत देणारं एक्स्प्रेशनही चालावं, त्याची किंमत वर्ग बनताना एकदाच काढली जावी. वेगाची चिंता नाही.

(वजन (प्रकार संख्या?) (नाहीतर शून्य)) असं लिहिलं तर संदिग्धता जाते, पण कंस वाढतात. याहून हलकी, फील्डपाशीच राहणारी रचना कुणी वापरली आहे का, आणि तिच्यात लिटरलचं बाइंडिंग कसं सांभाळलं?