एका पगारातली शिल्लक पडते का, आणि कोणाच्या नावावर?

सुदामानगरची

परवा विजयनगरवाल्यांनी या धाग्यावर लिहिलं होतं, "एका पगारात दोघांचं घर चालवून वर शिल्लक टाकतो म्हणणारे एकतर खोटं बोलतात, नाहीतर बापजाद्यांच्या वाड्यात फुकट राहतात. बायकोनं कमवायलाच हवं, घरी बसून कोणाचं भलं झालंय?" दोन दिवस गप्प होते. पण ते "घरी बसून" काही पचेना, म्हणून लिहिते.

आमचा वाडा नाही. इंदौरला सुदामानगरात भाड्याच्या दोन खोल्या आहेत, १०,५०० भाडं. हे पीथमपूरला कारखान्यात आहेत, हातात ४२,००० येतात. सासू-सासरे देवासला असतात, त्यांना ५,००० जातात आणि ते कधी चुकत नाहीत. वाणसामान आणि दूध आठ हजारांत बसवते. गॅस, वीज, फोन, पेट्रोल मिळून तीन-सव्वातीन हजार. आजारपणाच्या विम्याचे दरमहा दीड हजार बाजूला काढते, म्हणजे हप्त्याच्या महिन्यात तोंडचं पाणी पळत नाही. भाजी, औषधं, कपडे, आहेर साडेचार हजारांत. मागे सव्वानऊ-साडेनऊ हजार उरतात. त्यातले सात हजार पगाराच्या दुसऱ्याच दिवशी जातात, थोडे आरडीत म्हणजे बँकेच्या दरमहा भरायच्या ठेवीत, थोडे पीपीएफ या सरकारी बचत योजनेत. बाकीचे अडीनडीला.

मी दोन वर्षं एका खासगी शाळेत शिकवत होते. पगार ८,५००. रिक्षाचे दोन हजार, शाळेतल्या वर्गण्या, आणि दमून आल्यावर आठवड्यातून तीनदा बाहेरून मागवलेलं जेवण. वही काढून हिशेब केला तर महिन्याला पंधराशेसुद्धा सुटत नव्हते. मग सोडली.

आता घरी बसून मी काय करते ते ऐका. चैत्रात तीन क्विंटल गहू घेते, चाळते, निवडते, एरंडेल लावून कोठीत भरते, वर्षभर चक्कीवर दळून आणते. किराणा सियागंजच्या घाऊक बाजारातून दोन महिन्यांचा एकदम. विजेचा मीटर दर रविवारी बघते, कारण १५० युनिटांच्या आत राहिलं तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये लागतात आणि वर गेलं की सगळी सवलत जाते. मेच्या महिन्यात कूलर रात्री किती वाजता बंद करायचा, हे मी मीटर बघून ठरवते. याला काम म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पण ते सात हजार या कामातून निघतात.

विजयनगरवाला

ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण तुमच्या हिशेबात मूल कुठे आहे? घराचा हप्ता कुठे आहे? माझा पगार ६५ हजार, फ्लॅटचा हप्ता २४ हजार, मुलीची शाळा आणि बस मिळून ७ हजार. मुलगी झाल्यावर बायकोनं नोकरी सोडली, तेव्हापासून महिनाअखेरीला माझ्या खात्यात हजार-दीड हजार दिसतात. मी काही सराफ्याच्या खाऊगल्लीत रोज रात्री गराडू खात बसत नाही. शेवटचा सिनेमा कधी बघितला तेही आठवत नाही. गहू चाळून २४ हजारांचा हप्ता निघत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

लोकमान्यनगरचा जुना

हप्ता २४ हजारांचा घेतला कोणी? मी १९८६ साली नोकरीला लागलो. आम्ही एका पगारात तीन भावंडांची लग्नं केली आणि घर बांधलं ते निवृत्तीच्या चार वर्षं आधी. तोपर्यंत रामबागेत दीड खोली. आता लग्नाआधी फ्लॅट लागतो आणि मग पुरत नाही म्हणून रडायचं.

विजयनगरवाला

काका, तुमच्या वेळी सरकारी पेन्शन होतं. मला नाही. त्या दीड खोलीचं भाडं काय होतं तेही सांगा ना. आज माझ्या आईवडिलांसकट पाच माणसं दीड खोलीत ठेवू का?

लोकमान्यनगरचा जुना

भाडं ९० रुपये होतं. पेन्शनचं म्हणणं खरं आहे, ते मानतो. बाकी काही मानत नाही.

तिलकनगर, दुसरा मजला

आरडी-पीपीएफ ठीक आहे, पण आमच्याकडे बायकांची बचत खरी होते ती बीसीत, म्हणजे भिशीत. वीस जणी, दर महिन्याला तीन हजार, नंबर लागला की साठ हजार एकदम हातात. फ्रिज, वॉशिंग मशीन, नणंदेच्या लग्नातली साडी-चोळी, सगळं बीसीवर झालं. बँकेत ठेवले असते तर घरात कोणाची ना कोणाची गरज निघून कधीच उडाले असते. चारचौघींत लाज नको म्हणून हप्ता भरला जातो, ही बीसीची ताकद आहे.

अन्नपूर्णा रोड

मी त्या ताकदीला ५४ हजारांना भुलले. अठरा महिने भरले, माझा नंबर शेवटून दुसरा. बीसी चालवणारी बाई एका रात्रीत खोली सोडून गेली. कागद नाही, पावती नाही. पोलिसांत जायचं तर नवऱ्याला सांगावं लागणार, आणि त्याला ही बीसीच माहीत नव्हती. त्या वर्षी दिवाळीला मी आजारी असल्याचं सोंग केलं, कारण कपडे घ्यायला पैसे नव्हते आणि कारण सांगता येत नव्हतं. कृपा करून कोणाला बीसीचा सल्ला देऊ नका.

तिलकनगर, दुसरा मजला

तुमचं वाईट झालं, पण ओळखीपाळखीशिवाय बीसीत शिरायचंच नसतं. आमच्या वीसजणी एकाच गल्लीतल्या.

अन्नपूर्णा रोड

आमच्याही एकाच गल्लीतल्या होत्या. तीही.

विजयनगरवाला

यात एक गोष्ट मला खटकली. नवऱ्याला न सांगता दरमहा तीन हजार बाहेर टाकायचे, ही बचत आहे की लपवाछपवी? घरात एकच पगार येतो तेव्हा एकच खातं, एकच हिशेब हवा. कमावणाऱ्याला माहीत नसलेला पैसा घरात असूच नये.

रामबागेतली

मग न कमावणाऱ्याला माहीत नसलेला पैसा घरात असावा का? उत्तर द्या.

माझा नवरा २०२१ च्या मे महिन्यात गेला, ४१ वर्षांचा होता. आम्हीही एकाच पगारावर होतो. तो सगळं नीट करायचा, उधळ्या नव्हता, व्यसन नव्हतं. मला फक्त हे माहीत होतं की "बँकेत आहे". किती, कुठे, कोणाच्या नावे, काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास, असं मला माहेरी शिकवलं होतं.

मोठी एफडी लग्नाआधीची, तिच्यावर नॉमिनी सासूबाई. बँकेनं पैसे त्यांना दिले. नंतर वकिलांकडून कळलं की नॉमिनी मालक नसतो, त्यानं ते वारसांसाठी घ्यायचे असतात. वारस कोण? मृत्युपत्र नव्हतं, म्हणून कायद्यानं मी, माझा मुलगा आणि सासूबाई, तिघांचे सारखे वाटे. पण पैसे एकदा दुसऱ्याच्या खात्यात गेल्यावर वाटा मागायला अडीच वर्षं लागली. सासूबाई वाईट नाहीत. त्यांना दिरांनी सांगितलं, त्यांनी सही केली. आजही आम्ही संक्रांतीला एकमेकींकडे जातो, पण पूर्वीसारखं काही राहिलं नाही.

पीएफबरोबर नोकरदाराचा विमा असतो, तो सात लाखांपर्यंत मिळू शकतो, हे मला त्याच्या कारखान्यातल्या सहकाऱ्यानं चौदाव्याला भेटायला आल्यावर सांगितलं. तो आला नसता तर मी कधी अर्जच केला नसता.

तुम्ही म्हणता एकच खातं हवं. कोणाचं?

विजयनगरवाला

तुमच्या दुःखावर मी काय बोलणार. पण धागा बचतीचा आहे आणि सगळे मरणाची भाषा करायला लागलेत. माझा प्रश्न हप्त्याचा होता.

रामबागेतली

मी ही भाषा हौसेनं करत नाही. ती वेळ माझ्यावर आली आणि तिच्यासाठी मी काहीच शिकलेली नव्हते.

बँकेत ३१ वर्षं काढलेला

काउंटरवर मी अशा किमान पन्नास बायका बघितल्या असतील. एकीला पतीच्या खात्याचा क्रमांक नव्हे, शाखासुद्धा माहीत नव्हती. फोन उघडता येत नव्हता, म्हणून मेसेजही बघता येत नव्हते.

तेव्हा साधं करा. पगाराचं खातं दोघांच्या नावे करा आणि अर्जावर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" हाच पर्याय लिहून घ्या. नुसतं जोडनाव घालून दोघांच्या सह्यांचा पर्याय ठेवलात तर एक गेल्यावर दुसरा अडकतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनीसुद्धा ठेवता येतात, प्रत्येकाचा हिस्सा लिहून. म्हणजे आई की बायको असा पेच घालून घ्यायची गरज उरलेली नाही. पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर नव्यानं भरा. आणि आयुर्विमा घेताना १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या, प्रस्तावाबरोबर एक फॉर्म भरावा लागतो. मग ती रक्कम बायको-मुलांची. नवऱ्याचे सावकारही तिला हात लावू शकत नाहीत.

जुलै २०२४ मध्ये पोटगीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागरत्ना यांनी हेच सांगितलं होतं की घर सांभाळणाऱ्या बायकोला संयुक्त खातं द्या, एटीएम कार्ड द्या. न्यायालयाला हे सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

विजयनगरवाला

साहेब, बायकोच्या नावे टाकलं की क्लबिंग लागतं, हे तुम्हाला माहीत असेलच. मी दिलेल्या पैशांचं व्याज माझ्याच उत्पन्नात धरलं जातं. मग नावावर करून साधलं काय?

बँकेत ३१ वर्षं काढलेला

क्लबिंग लागतं, बरोबर. पण तुमचा पगार ६५ हजार, म्हणजे वर्षाचे ७ लाख ८० हजार. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. एफडीचं पाच-दहा हजार व्याज तुमच्यात धरलं तरी कर शून्यच. आणि पीपीएफचं व्याज करमुक्तच असतं, मग ते कोणाच्या उत्पन्नात धरायचं हा प्रश्नच येत नाही. क्लबिंगची भीती कोणाला दाखवता?

विजयनगरवाला

कराचा मुद्दा सोडतो. तेवढाच.

लोकमान्यनगरचा जुना

मी सुदामानगरच्या ताईंच्या बाजूनं आलो होतो, पण रामबागेतल्या ताईंचं वाचून एक आठवलं. आपण इंदौरची माणसं राजवाड्यासमोरून रोज जातो. १७३४ साली मल्हारराव होळकरांनी पेशव्यांकडून आपल्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची वेगळी सनद करून घेतली. दौलत वेगळी, खासगी वेगळी. दौलत राज्यकारभाराची, खासगी राणीच्या अखत्यारीतली. अहिल्याबाईंनी देशभर जे घाट आणि देवळं बांधली ती या खासगीतून. मल्हाररावांना आपल्या बायकोवर अविश्वास होता म्हणून त्यांनी हे केलं नाही. लढाईवर जाणारा माणूस होता, परत येईलच याची खात्री नव्हती.

मी माझ्या बायकोच्या नावे काय केलं, याचा विचार करतोय. घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

विजयनगरवाला

काका, राण्यांच्या सनदा पगारदार माणसाला सांगू नका. दौलतच नाही तर खासगी कुठून काढू?

सुदामानगरची

दीड हजारातून काढा. तुम्हीच म्हणालात हजार-दीड हजार उरतात. पीपीएफ वर्षाला ५०० रुपये भरले तरी चालू राहतं. रक्कम कितीची हा प्रश्नच नाही. महिनाभर जिनं घर ओढलं तिच्या नावावर त्यातलं काही दिसतं का, एवढंच मी विचारते आहे.

आणि एक कबूल करते. आमचं पीपीएफ ह्यांच्या नावावर आहे, आरडीही ह्यांच्याच. वही मी लिहिते, पैसे मी वाचवते, आणि आठ वर्षांत माझ्या नावानं एक पासबुक नाही. हे मला काल रात्री रामबागेतल्या ताईंचं वाचेपर्यंत सुचलं नव्हतं. मी इथे भांडायला आले होते ती वेगळ्याच गोष्टीसाठी.

अन्नपूर्णा रोड

माझी बीसी म्हणजे दुसरं काय होतं? माझ्या नावाचं एक खातं असतं तर मी त्या बाईकडे गेलेच नसते.

तिलकनगर, दुसरा मजला

हे मात्र खरं आहे. आमच्या वीसजणींपैकी बाराजणींच्या घरी माहीत नाही.

विजयनगरवाला

तीन दिवसांनी लिहितो. रविवारी दुपारी बायकोला घेऊन बसलो आणि कागदावर यादी केली. खाती चार निघाली. दोनांवर नॉमिनी आई, एकावर कोणीच नाही. पीएफवर वडील, २०१२ साली नोकरीला लागताना भरलेलं. एका खात्याचा तिला पत्ताच नव्हता, त्यात ११ हजार होते, आणि ते मीही विसरलो होतो. ती काही बोलली नाही. कागदाची घडी करून तिनं देवघराच्या फळीवर ठेवली. मंगळवारी बँकेत जाऊन जोडखात्याचा अर्ज दिला.

याला माघार समजू नका. २४ हजारांचा हप्ता तसाच आहे आणि एका पगारात तो भागत नाही, हे माझं मत कायम आहे. "घरी बसून" हे शब्द परत घेतो.

सुदामानगरची

घेतले, पोचले. हप्त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. गहू हवा असेल तर फाल्गुनात सांगून ठेवा. देपालपूरकडचा एक शेतकरी आमच्या गल्लीत गाडी घेऊन येतो, दोन घरं एकत्र घेतली तर क्विंटलमागे थोडं कमी करतो. कोठी नसेल तर माझ्याकडे एक जुनी पडून आहे, घेऊन जा.