युद्धपटात घरच्यांचं दुःख तिरंग्यापाशीच का संपतं?

मुक्ता_के: काल परत 'शेरशाह' बघितला, कारगिलमध्ये शहीद झालेल्या कॅप्टन विक्रम बत्रांवरचा. अंत्यसंस्काराला त्यांची प्रेयसी डिंपल येते, धाय मोकलून रडते आणि मग तिने लग्न केलं नाही एवढं पडद्यावर लिहून येतं, संपलं. १९९९ ते २०२१ अशी बावीस वर्षं एका पाटीत! आपल्या युद्धपटात हे नेहमीचंच, बिगुल, तिरंगा, अश्रू गिळणारी आई. खरं दुःख तर तेराव्यानंतर पाहुणे गेले की सुरू होतं ना, ते कुणी दाखवणार की नाही?

विनू_सातारा: अजिबात पटलं नाही. आमच्याकडे घरटी एक फौजी, माझे काका परत आले नाहीत. 'बॉर्डर'मधलं पत्रांचं गाणं लागलं की काकू हातातलं काम ठेवून बसायची, तिला त्यात तिचंच दिसायचं. आणि तो कडक सॅल्यूट खोटा नसतो हो. २०१५ साली कर्नल एम. एन. राय यांच्या लेकीने अंत्यविधीला रडत रडत रेजिमेंटची रणघोषणा दिली ते सगळ्या देशाने पाहिलं, तसाच प्रसंग 'उरी'त आहे.

मुक्ता_के: ती मुलगी खरीच, पण तिचा दुसरा दिवस कुठाय? आणि 'बॉर्डर'चंच घ्या, सुनील शेट्टीने केलेले भैरोसिंग राठोड सिनेमात शहीद होतात, मागे नवी नवरी राहते. खरे राठोड १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईतून जिवंत परत आले, २०२२ पर्यंत होते. रडवायला विधवा लागते म्हणून जिवंत माणसाला मारायचं, हे मला भयंकर वाटतं.

देवा७१: नंतरचं दाखवलंय की, २००३ चा 'धूप', ओम पुरी आणि रेवती. कारगिलमध्ये शहीद झालेले १७ जाट बटालियनचे कॅप्टन अनुज नय्यर, मरणोत्तर महावीर चक्र, त्यांच्या आईवडिलांवर बेतलेला. मुलाच्या नावाने पेट्रोल पंप मंजूर होतो आणि त्यासाठी ऑफिसात लाच मागतात, मुलगा गमावलेला बाप फायली घेऊन जिने चढतोय!! किती जणांनी पाहिला सांगा. नुसतं दिग्दर्शकाला काय बोलायचं, आपल्यालाच लढाई हवी असते.

रेवा_प: मला वाटतं लांबी हा मुद्दाच नाही. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये आई खिडकीपाशी भांडी घासतेय, लांबून गाडी येताना दिसते, ती दारात येते, गाडीतून अधिकारी आणि पाद्री उतरतात आणि ती तिथेच खाली बसते. संवाद नाही, चेहराही धड दिसत नाही. आपल्याकडे तिथे गाणं टाकलं असतं.

विनू_सातारा: मग टाकू दे की गाणं, आमच्या बायका मोठ्याने रडतात, ओव्या म्हणत रडतात, गप्प रडलं तरच खरं असं कुणी ठरवलं? 'धूप' बघतो नक्की. पण पेन्शनच्या रांगेत काकू उभी राहिलीये, ते तिला परत पडद्यावर नकोय.

मुक्ता_के: काकूंना नको, बरोबरच आहे. पण ज्यांच्या घरातून कुणी फौजेत जात नाही त्या आम्हा लोकांना ती रांग दाखवायला हवी, टाळ्या आम्हीच वाजवतो.