मदत हवी आहे : हत्तीरोगाच्या काचपट्टीवर जिम्सा रंग निळाशार चढतोय
लातूर-नांदेडकडच्या रात्रीच्या रक्तनमुन्यांबद्दल विचारायचं आहे. रक्त रात्री साडेआठ ते बारादरम्यानचं, बोटातून २० घनमिलिमीटर, जाड थर, रात्रभर सुकवलेला. सकाळी तांबूसपणा जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्यात, पुन्हा सुकवून मिथेनॉलमध्ये एक मिनिट, मग ३ टक्के जिम्सात ४५ मिनिटं.

तरी पार्श्वभूमी निळीशार येते आणि मायक्रोफायलेरियाच्या (रक्तात फिरणाऱ्या जंताच्या पिल्लाच्या) शेपटीकडची केंद्रकं एकमेकांत मिसळतात. खरी अडचण तिथेच आहे. हत्तीरोगाच्या जंतांपैकी वुचेरेरियात केंद्रकं शेपटीच्या टोकापर्यंत जात नाहीत, ब्रुगिया मलायीत टोकाशी दोन सुटी दिसतात. हेच दिसलं नाही तर ओळख पटवायची कशावरून? पिल्लाभोवतीच्या आवरणावर विसंबता येत नाही, जिम्सात वुचेरेरियाचं आवरण रंग धरतच नाही म्हटलं तरी चालेल.

संशय पाण्यावर आहे. जिम्सा पातळ करायला बोअरचं पाणी वापरलं जातं. आपल्याकडचं ते जड, अल्कधर्मी, म्हणून निळा रंग वरचढ होत असावा. ७.२ सामूचं (pH) फॉस्फेट बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारं द्रावण, करून ठेवलं तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात किती दिवस टिकतं? पॅथॉलॉजीवाल्यांनी अनुभवाचं सांगावं.

शिवाय धुताना थर कडेनं सुटतो. काचपट्टीवरचा तेलकटपणा, की थरच जास्त जाड?