मदत हवी आहे : पणजोबांच्या मृत्युपत्रातली ही बाई कोण? (नागपूर, प्रोबेट १९४४)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या लोखंडी पेटीत पणजोबांच्या मृत्युपत्राची नक्कल सापडली. पूर्ण नाही. मधली दोन पानं आणि शेवटच्या पानाचा खालचा अर्धा भाग, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या, एक मोडीत. मागे टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर आजोबांच्या अक्षरात एवढंच आहे : 'प्रोबेट १९४४. कागद वकिलांकडे.' (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला.) ते वकील कोण, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

इतवारीतलं दुकान आणि राहतं घर 'स्वकष्टार्जित' म्हणून मुलांना वाटून दिलं आहे, बायकोची सोय लावली आहे. प्रत्येकाच्या नावापुढे नातं आहे : पुत्र, कन्या, पत्नी. आणि मग एक कलम येतं ज्यात फक्त एका बाईचं नाव आहे, नातं नाही, आडनाव नाही. तिला हयातभर मागच्या खोलीत राहू द्यावं, अन्नवस्त्र द्यावं, कुणी हरकत करू नये. बस्स. आमच्या वंशावळीत ही बाई कुठेच नाही.

बाबा ८३ वर्षांचे आहेत. त्यांना नाव वाचून दाखवलं तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आलवण (विधवेचं लाल लुगडं) नेसलेली एक म्हातारी मागच्या खोलीत असायची, आम्ही पोरं तिला माय म्हणायचो, नंतर ती मुंबईला गेली असं कानावर आलं. पणजोबांची बालविधवा बहीण असावी असं मला वाटतं, पण वाटण्यावर वंशावळीत नाव लिहिता येत नाही. बाबांच्या डोळ्यांदेखत ते लागावं, एवढीच इच्छा आहे. काही चुलतभावांना वाटतं की मी जागेचा हक्क उकरून राहिले आहे. तसं अजिबात नाही. मला फक्त तिचं नातं हवं आहे.

एका कार्यालयात गेले तर केस नंबराशिवाय शोध होत नाही म्हणाले. दुसरीकडे सांगितलं की जुने कागद १९५६ मध्ये जबलपूरला गेले. नेमकं कुठे जावं? आणि प्रोबेटच्या फायलीत नातेवाइकांची नावं असतात का?

प्रतिसाद

ताई, जबलपूर आधी मनातून काढा. राज्य पुनर्रचना झाल्यावर उच्च न्यायालय जबलपूरला बसू लागलं हे खरं. पण नागपूरला उच्च न्यायालय १९३६ पासून असलं तरी त्याच्यापुढे अपिलं जात. प्रोबेटचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांपुढे होई, त्यामुळे मूळ फाइल शोधायची ती जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात. नंबर नसेल तर १९४३ ते ४५ ची दिवाणी किरकोळ प्रकरणांची नोंदवही पाहू द्या असा लेखी अर्ज करा. तोंडी विचारलं की नकारच मिळतो, हा माझा दस्तलेखनातला अनुभव.

आता महत्त्वाचं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठिकाणी होती. मध्य प्रांतात नव्हती. मग तुमच्या आजोबांनी खर्च करून प्रोबेट का काढलं? एक तर घरात वाद असावा, नाही तर मृत्युपत्रात मुंबईची स्थावर मिळकत असावी. बाई मुंबईला गेली म्हणता, तेव्हा दुसऱ्या शक्यतेकडे दुर्लक्ष करू नका. तसं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागातही शोध घ्या.

नातेवाइकांबद्दल : प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यालाच) मिळतं, त्याच्या अर्जात मृत्यूची तारीख आणि मिळकतीचं मोल असतं. मात्र हितसंबंधितांना नोटिसा काढल्या असतील तर त्यात नावं-पत्ते सापडतात. एक्झिक्युटर नसेल तर प्रशासन-पत्राचा (मिळकतीचा कारभार पाहण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्राचा) अर्ज करावा लागे, आणि त्यात कुटुंबीय आणि नातेवाईक कोण, कुठे राहतात हे लिहिलेलं असू शकतं. तो अर्ज मिळाला तर सोन्याहून पिवळं. मृत्युपत्र मोडीत असेल तर सोबत भाषांतर जोडलेलं असण्याची शक्यता आहे, ते वाचायला सोपं.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. मुंबईच्या मिळकतीचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. मृत्युपत्र नोंदवलेलं होतं का, हे कसं कळेल?

प्रतिसाद

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते, पण केली असेल तर ती नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये असते. ते पुस्तक आपल्याला चाळता येत नाही, शोध नोंदणी अधिकारीच घेतात. मृत्युपत्र करणारा हयात नसला की नक्कल कुणालाही मागता येते, नात्याचा पुरावा लागत नाही. पणजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडा.

त्याच वेळी नगर भूमापन कार्यालयातून महालच्या घराची आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा उतारा) काढा. आजोबांचं नाव चढलं ती फेरफार नोंद 'मृत्युपत्रान्वये' असेल तर तिथे कोर्टाच्या आदेशाचा क्रमांक मिळू शकतो. तुम्हाला हवा असलेला केस नंबर बहुधा त्यातूनच निघेल.

बाई बहीण होती का, हे पाहायला मूळ गावचं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, बघा. जन्ममृत्यूच्या नोंदीत बापाचं नाव असतं. पणजोबांच्या बापाचं नाव आणि तिच्या बापाचं नाव एकच निघालं तर प्रश्न मिटला. नोंदी मोडीत असतील, वाचणारा माणूस सोबत न्या. आणि त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे तुमच्या घराण्याची वही असेल तर तीही पाहा. श्राद्धाला कुणाकुणाची नावं घेतली हे तिथे लिहिलेलं असतं, आणि कागदोपत्री नातं न लिहिलेल्या बायकाही कधीकधी तिथे सापडतात.

धागाकर्ती

मूळ गाव काटोल तालुक्यात आहे. बाबांना विचारलं. ते म्हणतात, गाडी असेल तर मीही येतो. सोमवारी आखीव पत्रिकेचा अर्ज देते, त्यानंतर कोतवाल बुकासाठी तहसील. काटोलकडचं मोडी वाचणारं कुणी असेल तर कृपया इथे सांगा.