अनुभव धागा: रुग्णवाहिकेतले टॅब, लोकेशन आणि ईसीजी पाठवणं

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ एएलएस (प्रगत जीवरक्षक सोयींच्या), बाकीच्या बीएलएस (प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या). तेव्हापासून सरकारीच नव्हे, तर ट्रस्टच्या, कारखान्यांच्या आणि खासगी गाड्यांतही जीपीएस, टॅब, ईसीजी पाठवणारी यंत्रं आली. गाडीवर (पायलट म्हणजे चालक, ईएमएसओ म्हणजे गाडीवरचे डॉक्टर) आणि गाडीच्या पलीकडच्या टोकाला काम करणाऱ्यांनी लिहावं. 'मस्त आहे' किंवा 'बोगस आहे' एवढ्यावर थांबू नका. काय करता, कुठे अडतं आणि का, ते सांगा. पेशंटची ओळख पटेल असं काही नको.

पायलट, घाटपट्टा

लोकेशनपासून सुरुवात करतो, कारण पहिली दहा मिनिटं तिथेच जातात. टॉवरवरून आलेलं ठिकाण शहरात काहीशे मीटर चुकतं, खेड्यात काही किलोमीटर. म्हणून व्हॉट्सॲपवर मागवायचं. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर 'इतक्या मीटरपर्यंत अचूक' असं येतं, तो आकडा वाचून दाखवायला सांगा. स्लॅबखाली तो मोठा असतो. 'अंगणात या, अर्धा मिनिट थांबा, मग पाठवा' म्हटलं की खाली येतो. 'लाइव्ह' नको. माणूस आम्हाला वाट दाखवायला फोन घेऊन फाट्यावर येतो आणि खूणही त्याच्याबरोबर फाट्यावर येते, पेशंट राहतो वस्तीवर. पेशंटला रिक्षातून किंवा जीपमधून आमच्याकडे आणत असतील तेव्हाच लाइव्ह कामाचं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खूण बघून निघायचंच नाही. जीपीएसची पाच-दहा मीटरची चूक म्हणजे समोरची लेन. चुकीच्या बाजूला लागलात तर पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळण घेणं आलं. किलोमीटरचा दगड आणि तोंड मुंबईकडे की पुण्याकडे, दोन्ही विचारा. आणि वडगाव, पिंपळगाव ऐकलं की तालुका विचारल्याशिवाय गिअर टाकू नका.

ईएमएसओ, एएलएस

बारा लीडचा (हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारा) ईसीजी पाठवता येतो, हा सगळ्यात मोठा फरक. पण खराब ईसीजी लवकर पाठवून काय मिळणार? चालत्या गाडीत काढू नका. बेसलाइन (आलेखाची मूळ रेषा) हलते आणि एसटी (झटक्यात वर सरकणारा आलेखाचा भाग) चढलाय की नुसता गाडीचा धक्का आहे, हे पलीकडच्याला कळत नाही. गाडी कडेला घ्या. रेकॉर्डिंग जेमतेम दहा सेकंदांचं असतं. घाम टॉवेलने कोरडा करा, केस दाट असतील तर तेवढी जागा साफ करा. व्ही-वन आणि व्ही-टू हे छातीवरचे इलेक्ट्रोड बरगड्यांच्या चौथ्या फटीत, उरोस्थीच्या उजवीकडे-डावीकडे. घाईत ते हमखास वर लागतात. आलेखात लीड वन उलटी आणि एव्हीआर ही लीड सरळ दिसली तर आधी हातांच्या वायरी तपासा. रेषा बारीक दातेरी आली तर ती मेन्सच्या विजेची, ५० हर्ट्झची बाधा. चार्जर काढून यंत्र बॅटरीवर घ्या.

यंत्रातून थेट पीडीएफ जात असेल तर उत्तम. फाइल लहान असते, रेंजची एक काडी असली तरी रडतखडत जाते. कागदाचा फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद, कारण थर्मल कागद चकाकतो. चारही कोपरे यायला हवेत आणि '२५ मिमी/सेकंद, १० मिमी/मिलिव्होल्ट' हे अक्षर वाचता आलं पाहिजे. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक चौकोन पुसट होतात. नाव झाकायचं; वय आणि दुखायला लागल्याची वेळ लिहायची.

हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसला (लीड टू, थ्री, एव्हीएफ) तर छातीच्या उजव्या बाजूची व्ही-फोर-आर ही लीडही काढून पाठवा, आणि ती बघितल्याशिवाय जिभेखाली नायट्रेट (छातीदुखीचं औषध) नको. पहिला ईसीजी नॉर्मल आला पण दुखणं चालू आहे, तर दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा.

कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, जिल्ह्याचं ठिकाण

डॉक्टरांनी पाठवण्याचं लिहिलं, मी बघण्याचं लिहितो. चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलेला ईसीजी कुणीच बघत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितला. ड्यूटीचा एक फोन हवा, माणसाचा नव्हे, जागेचा. निळ्या टिका म्हणजे उत्तर नाही. 'बघितला, इकडे आणा' किंवा 'बघितला, जवळच्या रुग्णालयात थ्रॉम्बोलिसिस' असं तोंडी उत्तर मिळेपर्यंत गाडीने पुन्हा फोन करावा. अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध (थ्रॉम्बोलिसिस) आधी, हा निर्णय याच फोनवर व्हायला हवा, गाडी आमच्या दारात लागल्यावर नव्हे.

अपघाताचा पेशंट असेल तर ठरलेल्या क्रमानेच सांगा: वय, वेळ, अपघात कसा झाला, जखमा, नाडी-बीपी-श्वास-शुद्ध, दिलेले उपचार, किती मिनिटांत पोचता. अर्ध्या मिनिटात होतं. लकवा असेल तर 'शेवटचा धडधाकट कधी दिसला' ही वेळ सगळ्यात आधी. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री झोपला ती वेळ, उठला ती नव्हे. गुठळी विरघळवणारं औषध देण्याच्या साडेचार तासांचा हिशेब तिथून सुरू होतो.

व्हिडिओ कॉलबद्दल माझं मत फार चांगलं नाही. गाडीतून व्हिडिओ पाठवायला अपलोड लागतो, आणि तोच चालत्या गाडीत तुटतो. त्यात एक माणूस फोन धरून बसतो, म्हणजे पेशंटसाठी काम करणारे दोन हात कमी झाले. लकव्यात चेहरा-हात दाखवायला मिनिटभर ठीक.

कॉल घेणारी, नियंत्रण कक्ष

श्वास नाही म्हटल्यावर पहिलं वाक्य: 'फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा.' मग छातीच्या मधोमध दाबायचं, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. मी फोनवर मोठ्याने मोजते. मध्येच येणारी उचकीसारखी धाप लोक श्वास समजून थांबतात, ते आधीच सांगून ठेवावं लागतं.

आणि पायलटदादा, कॉलबॅक अनोळखी नंबरवरून जातो, लोक उचलत नाहीत. पहिला कॉल ठेवण्याआधीच सांगते, 'वेगळ्या नंबरवरून फोन येईल, उचला.'

पायलट, विदर्भ

टॅबचं राहिलंच. मे महिन्यात काचेखालच्या डॅशबोर्डवर टॅब तापून स्वतःच बंद होतो. होल्डर एसीच्या झरोक्यासमोर लावून घ्या. चार्जिंग सॉकेट इग्निशन बंद केल्यावर मरतं का, तेही तपासा; रुग्णालयाच्या आवारात तासभर उभं राहिलात की बॅटरी तिथेच उतरते. 'निघालो', 'पोचलो', 'पेशंट घेतला' ही बटणं त्या त्या वेळीच दाबायची. रेंज नसली तरी दाबा. बरीच ॲप टॅबमधली वेळ धरून ठेवतात आणि रेंज आल्यावर पाठवतात. नंतर सगळी एकदम दाबली तर तीनही वेळा एकच पडतात. टॅबचं घड्याळ 'ऑटोमॅटिक'वर आहे ना, हे ड्यूटी घेतानाच बघायचं.

ईएमएसओ, एएलएस

बरोबर. ईसीजी यंत्राचं घड्याळही त्याच वेळी जुळवा. ते बऱ्याच यंत्रांत आपोआप जुळत नाही. आणि कागदाचा एक जादा रोल ठेवा.