फोटोचं बॅकग्राउंड काढायचं तर हातानेच कापा, बटणाने नको – पटतंय का?

काळा_पडदा (धागाकर्ता)
पुतणीच्या लग्नाचा अल्बम आला. एका पानावर ती बाजूने उभी, नाकात नथ, अंबाड्यावर मोगरा, मागे कुठल्याशा राजवाड्याची कमान चिकटवलेली. लांबून झकास. जवळ घेतला तर नथीच्या कड्यातून हॉलचा गुलाबी पडदा डोकावतोय आणि गजरा कात्रीने भादरल्यासारखा सपाट. कोपर आणि कमरेमधल्या फटीतही तोच पडदा. पैसे मोजून घेतलेलं काम हे! माझ्या मते धंद्याच्या कामात फोटोशॉपच्या 'रिमूव्ह बॅकग्राउंड'ला, म्हणजे एका क्लिकमध्ये मागचं काढणाऱ्या बटणाला, हातच लावू नये. पेन टूल घ्या, कडेकडेने पाथ (कापायची रेघ) काढा, तास लागला तर लागू दे.

स्टुडिओवाला
दादा, पेन टूलने मोगरा कापून दाखवा, मग बोलू. पाथची कड ब्लेडसारखी. बाटलीला, डब्याला ठीक. केसांना लावलीत तर नवरीने हेल्मेट घातल्यासारखं दिसतं. आणि बटणाला शिव्या कशाला? फोटोशॉपमधलं ते बटण काही खोडत नाही, फक्त लेअर मास्क लावून देतं, म्हणजे फोटोच्या थरावर (लेअरवर) झाकण: काळं तिथे लपतं, पांढरं तिथे दिसतं. मास्कवर काळ्या ब्रशने पडदा झाका, पांढऱ्याने कळ्या परत आणा. तुमच्या अल्बमवाल्याने मास्क उघडूनच बघितला नाही, एवढंच. लग्नसराईत फोटोमागे तासभर कोण देणार, आणि त्याचे पैसे कोण देणार?

काळा_पडदा
पैशाचं कळलं. पण बटण हाताशी आलं की नजर मरते, हे बघतोय मी. हाताने कापताना केसांवर चढलेला लॉनचा हिरवा रंग दिसायचाच. आता दोनशे टक्के झूम करून बघतो कोण?

स्टुडिओवाला
मी बघतो. हिरव्या कडेसाठी फोटोशॉपच्या 'सिलेक्ट अँड मास्क'मध्ये 'डीकंटॅमिनेट कलर्स' आहे, कडेवर चढलेला मागचा रंग घालवणारं. ते मात्र पिक्सेलचे रंगच बदलतं, म्हणून नव्या लेअरवर घ्यावं लागतं.

आयकार्डवाला
दोघंही लग्नात अडकलात. मी शाळांची ओळखपत्रं करतो. पांढरा शर्ट, पांढरी भिंत, की बटण पोरांचे खांदेच खातं. पेनने करत बसलो तर कार्डं पुढच्या वर्षी मिळतील. मी फिकट निळं कापड टांगतो, पोराला त्याच्या चार फूट पुढे उभं करतो. कापडावर सावली पडत नाही आणि मग बटणही शहाण्यासारखं वागतं. फोटो काढतानाचा आळस सॉफ्टवेअरवर ढकलू नका राव.

न्यूजर्सीकर
इकडे अमेरिकन पासपोर्टच्या फोटोला हा वादच नाही. परराष्ट्र खातं सरळ सांगतं: सॉफ्टवेअर, अ‍ॅप, एआय, काहीही वापरून फोटो बदलू नका. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं. घरी बॅकग्राउंड बदलून कोणाला पाठवत असाल तर थांबा.

जुनी_चौकट
मला हाताने की बटणाने याच्याशी देणंघेणं नाही. काढायचंच कशाला? वडिलांचा फोटो फ्रेमसाठी स्कॅन करून दिला होता. मागे आमच्या माजघराची भिंत, लंबकाचं घड्याळ, खुंटीवर त्यांची टोपी. परत आला तेव्हा वडील निळ्या आकाशात! मूळ मागितला तर म्हणे त्याच फाइलवर सेव्ह झालं. जेपीजी, म्हणजे लेअर नाही, मास्क नाही. कागदाचा फोटो तोवर वाळवीने खाल्ला होता. कापलंय मात्र अगदी सुरेख, एक केस हललेला नाही.

स्टुडिओवाला
ताई, मूळ फाइलवर सेव्ह करणं हे पापच. पण गिऱ्हाईकच येऊन सांगतं, 'मागचा पसारा काढा.' टोपी राहू द्या म्हणणारं कोणी अजून भेटलं नाही मला.

जुनी_चौकट
विचारलंत कधी?

आयकार्डवाला
धागाकर्ते गप्प का? नथीचं काय झालं पुढे?

काळा_पडदा
फाइल मागवून मीच केली. नथीचं कडं पेननेच कापलं, सात मिनिटं लागली.

स्टुडिओवाला
आणि मोगरा?

काळा_पडदा
मोगरा मास्कवर. ब्रशने. हसू नका.