मत देणं हा आपला हक्क आहे की नुसती कायद्याने दिलेली सवलत?

वाटसरू: मागच्या निवडणुकीत आईचं नाव यादीतून गायब. ओळखपत्र हातात, इतकी वर्षं त्याच शाळेत मत दिलेलं, तरी तशीच परत आली. कोरं बोट दाखवत म्हणाली, "मी मेले की काय?"

मग वाचायला बसलो. १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून सुप्रीम कोर्ट म्हणतंय, मत देणं आणि उभं राहणं हे कायद्याने दिलेले हक्क. १९८२ साली ज्योती बसूंच्या खटल्यात स्पष्टच सांगितलं, मूलभूत हक्क नाहीत. मग घटनेच्या ३२६ व्या कलमातला प्रौढ मताधिकार काय शोभेला आहे?

हौशी वकील: अहो, त्याच कलमात अपात्रता कायद्याने ठरवायची मुभाही आहे, तेही वाचा. मूलभूत हक्क मोडला की थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं; मताचा हक्क मूलभूत केलात तर कापलेल्या प्रत्येक नावासाठी लोक तिथेच. निवडणूक व्हायची कधी? आईंचं वाईट वाटलं, पण यादी आधी बघायची असते हो.

वाटसरू: २००३ च्या पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात न्या. रेड्डींनी मत देण्याला घटनात्मक हक्क म्हटलं, आणि मत कुणाला द्यायचं ही निवड अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसवली. म्हणजे बटण दाबणं मूलभूत, यंत्रापर्यंत पोचणं नाही! २०२३ च्या, निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीबद्दलच्या बरनवाल निकालात न्या. रस्तोगींनी स्वतंत्र निकालपत्र लिहून मताच्या हक्काला मूलभूतच म्हटलंय.

गावकरी: मताचं जाऊ द्या, उभं राहण्याचं बोला. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला बाद. आमच्या वाडीतली बचत गटाची बाई अशीच गेली. दोन मुली, सासूला नातू हवा होता. आमदाराला मात्र पाच असली तरी चालतात.

हौशी वकील: नियम बरा आहे. हरियाणाचा असाच नियम कोर्टाने २००३ मध्ये उचलून धरलाय. आमदारांनाही लावा, माझी ना नाही.

वाटसरू: आणि तुरुंगाचं काय? २०२४ मध्ये काश्मीरचे नेते इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगात असताना बारामुल्लातून लोकसभेवर निवडून आले. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) मुळे कोठडीतल्या कच्च्या कैद्याला मत देता येत नाही. मतं मागता येतात, देता येत नाहीत!

हौशी वकील: हे मान्य, विचित्र आहे खरं. पण त्याला मूलभूत हक्क कशाला? संसदेने एक ओळ खोडली की झालं.

वाटसरू: संसदेला काय पडलंय? कैद्यांची मतं कुठे मिळणार आहेत त्यांना?